राई राखून देऊळ बांधा : कोकणातल्या जीर्णोद्धार समित्यांना खुलं पत्र

गावचे मानकरी, गावकर, गुरव, ग्रामस्थ मंडळ, मुंबई मंडळ आणि जीर्णोद्धार समितीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

शिमगा उरकला, पालखी सहाणेवरून देवळात परतली, देवीची रुपं उतरवून पेटीत ठेवली की गावकीची बैठक बसते. गेली काही वर्षं गावोगावच्या या बैठकीत एक विषय ठरलेला असतो, देवीच्या देवळाचा जीर्णोद्धार. घरटी वर्गणी ठरते, मुंबई मंडळाचा वाटा ठरतो, आराखडा येतो. त्यात आरसीसीचा सभामंडप असतो, शिखर असतं, स्टीलचे कठडे असतात, गाड्या लावायला मोकळी जागा असते. ती मोकळी जागा कागदावर पांढरी दिसते. जमिनीवर तिथे राई उभी असते, देवीच्या नावाने राखलेलं रान.

मी संगमेश्वर तालुक्यातला, पोटापाण्यासाठी मुंबईत राहिलेला, वर्गणी भरणाऱ्यांपैकीच एक. हे पत्र कुणा एका समितीला नाही. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात ज्या ज्या गावी काळकाई, झोलाई, वाघजाई, नवलाई, पावणाई, सोमजाई झाडांखाली बसली आहे आणि तिच्यासाठी नवं देऊळ बांधायचं घाटतं आहे, त्या प्रत्येक समितीला आहे. मागणं एकच आहे. राईतलं एकही उभं झाड देवळाच्या जागेसाठी किंवा देवळाच्या पैशासाठी तोडू नका.

नवं देऊळ का हवंसं वाटतं, हे मला कळतं. जुनं देऊळ चिऱ्याच्या भिंतींचं आणि कौलांचं. वासे वाळवीने खाल्लेले. पावसाळ्याच्या तोंडावर कौलं परतायला चढणारा माणूस वाडीत राहिलेला नाही, राहिलेत ते साठीपुढचे. नवरात्रात परतीच्या पावसाची सर आली की जागराला बसलेल्या बायका-पोरं भिजतात. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांमध्ये दाटीवाटीने राहून ज्यांनी गावाकडे मनीऑर्डरी पाठवल्या, त्यांच्या मुलांना आज हातात चार पैसे आल्यावर देवीसाठी काही ठाशीव करावंसं वाटतं. त्यात श्रद्धा आहे, कृतज्ञता आहे. शेजारच्या गावाचं शिखर रस्त्यावरून दिसतं आणि आपलं दिसत नाही, ही सलही खरीच. म्हणून देऊळ बांधू नका असं मी म्हणत नाही. देवी जिथे राहते ती जागा मोडून तिचं देऊळ कसं होईल, एवढंच विचारतो.

कारण आपल्याकडे देवीचं घर म्हणजे राई. कित्येक राईंमध्ये तर देऊळ नाहीच. झाडाच्या बुंध्याशी एक तांदळा, म्हणजे देवी म्हणून पुजलेला अनघड दगड, पुढे दिवली, वर आभाळ. देवीला छप्पर चालत नाही, असं जुनी माणसं सांगतात आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणी ते घातलेलं नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी म्हणून वारूळच पुजतात. मातीच्या त्या जिवंत ढिगाऱ्यालाच साडी नेसवतात, ओटी भरतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला लाखो माणसं लोटतात, पण तिची तारीख आजही पंचांगातून निघत नाही, देवीच्या कौलाने, म्हणजे तिला विचारून मिळालेल्या संकेताने, ठरते. आपली ही भक्ती मुळात रानाशी, पाण्याशी, मातीशी बोलणारी आहे. देवीला विचारल्याशिवाय आपण पेरणीला हात घालत नव्हतो.

राईचे नियमही त्यातूनच आले. आत पायताण घालून जायचं नाही. कोयता-कुऱ्हाड बाहेर ठेवायची. वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी आणायची नाही. औषधाला साल-मुळी लागली तर आधी नारळ ठेवून विचारायचं. वादळात झाड पडलं तर ते देवीच्याच कामी, म्हणजे देवळाचा वासा किंवा होमाची लाकडं, नाहीतर जागच्या जागी कुजू द्यायचं. हे नियम कुणी छापले नव्हते. गुरवाच्या, मानकऱ्यांच्या, घरोघरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होते आणि तेवढ्यावर शेकडो वर्षं टिकले.

त्यांचं फळ काय मिळालं, ते पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात नोंदवलं. पुणे जिल्ह्यातल्या मावळापासून खाली कोकणापर्यंत ते राया हिंडले. आजूबाजूचे डोंगर लाकडासाठी, कोळशासाठी बोडके झालेले, आणि देवीच्या नावाने राखलेल्या तुकड्यात मात्र जुन्या जंगलाचे वृक्ष आणि वेल जसेच्या तसे. राज्यात आजवर दीड हजारांहून अधिक देवरायांची नोंद झाली आहे. त्यातल्या कितीतरी एकरभरसुद्धा नाहीत. त्या एकरभरात काय असतं ते आपल्याला सांगायला नको: बेहडा, सातवीण, किंजळ, ऐन, नाणा, कुंभा, काजरा, सुरंगी, बकुळ, आणि या सगळ्यांवर चढलेली गारंबी, जिची शेंग हातभराहून लांब होते. गारंबीचा तो मांडीएवढा वेल वाढायला किती माणसांची आयुष्यं गेली असतील! सुशोभीकरणाच्या नावाखाली मजूर तो एका सकाळीत तोडतात.

आता पाण्याचं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतो. उतार तीव्र, सडे म्हणजे माथ्यावरची खडकाळ पठारं उघडी, जांभा सच्छिद्र. पाऊस पडतो आणि समुद्राला जाऊन मिळतो. या धावत्या पाण्याला जे काही थोपवतं त्यात राई आहे. तिच्यातला हातभर पातेरा, म्हणजे पालापाचोळा, पाणी धरतो, मुळं त्याला खाली नेतात, आणि ते पाणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत झिरपत पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, येत राहतं. राई लहान असेल तर अख्ख्या डोंगराचं पाणी ती धरणार नाही, हे मान्य. पण पूर्वजांनी ती राखली बहुतेक झऱ्याच्या माथ्यावर. कुठल्याही राईच्या खालच्या अंगाला चालत जा, पाणवठा सापडेल, पाट सापडेल, त्या पाटावरची पोफळीची बाग सापडेल. ज्या गावांनी देवळाभोवती काँक्रीट ओतून त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले, पातेरा गोळा करून जाळला, तिथे पावसाचं पाणी आवारातून नळासारखं वाहून जातं आणि उन्हाळ्यात देवीच्या अभिषेकालाही बोअरवेलचं पाणी आणावं लागतं.

आणि आपल्या शिमग्याचा ज्याच्याशी थेट संबंध आहे, तो माडगरुड. पुस्तकात त्याला महाधनेश म्हणतात. या पक्ष्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. नव्या झाडांना अशी ढोली नसते, ती बेहडा, सातवीण, आंब्यासारख्या म्हाताऱ्या झाडांनाच असते, आणि अशी झाडं आता बरीचशी राईतच उरली आहेत. थंडी सरता सरता मादी ढोलीत शिरते, विष्ठेने आणि मातीने तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. पुढचे तीन-साडेतीन महिने ती आणि नंतर तिचं पिल्लू नर आणून देईल त्या वड-उंबराच्या फळांवर जगतात. म्हणजे आपली होळी, पालखी, चैत्रातल्या पूजा होतात तेव्हा ती आत कोंडलेली असते. ढोल-ताशा आणि सनई हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आला असेल. पण राईच्या तोंडाशी रात्रभर चालणारा डीजे, झाडांवर सोडलेले हॅलोजन आणि फटाक्यांच्या माळा या नव्या गोष्टी आहेत. नर बिथरला आणि फिरकला नाही, तर आत दोन जीव उपाशी मरतात. ढोलीचं झाडच तोडलं तर बोलायलाच नको. रानातली मोठ्या बियांची फळं गिळून दूरवर टाकणारा, म्हणजे जंगल पेरणारा, हा पक्षी. तो गेला की राईबाहेर राईचं बी पडणं थांबतं.

आता पैशाचं बोलतो, कारण घाव तिथेच पडतो. देवळासाठी निधी कमी पडला की कुणीतरी सुचवतं: राईत एवढी जुनाट झाडं उभी आहेत, चार विकू. लाकूडवाला येतो, पाहून जातो, आगाऊ रक्कम देतो. बैठकीत कुणी विरोध केला तर त्याला देवळाचा विरोधक ठरवतात. पण या व्यवहारात गावाला मिळतं काय? राईतली जी झाडं घेराने सगळ्यांत मोठी, तो बेहडा आणि ती सातवीण, त्यांचं लाकूड हलक्या प्रतीचं. इमारतीला टिकत नाही, वाळवी-भुंगा लगेच लागतो. त्याची खोकी होतात, फळकुटं होतात. देवीच्या डोक्यावर शंभर-दोनशे वर्षं सावली धरलेलं झाड आंब्याच्या पेट्या करायला जातं आणि त्याच्या पैशातून सभामंडपाचा जेमतेम एक कोपरा उभा राहतो. तेवढी रक्कम चाकरमान्यांकडे मागितली असती तर कुणी नाही म्हटलं नसतं. आम्हाला झाडांबद्दल कुणी विचारलंच नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आराखड्याचं रंगीत चित्र येतं, वर्गणीची यादी येते. कुठली झाडं जाणार, त्याची यादी कधी येत नाही.

साफसफाईबद्दलही सांगायला हवं, कारण हे नुकसान चांगल्या हेतूने होतं. जत्रेआधी श्रमदान करून राईतला झाडोरा मारतात, वेल तोडतात, बुंधे चुन्याने रंगवतात. आवार स्वच्छ दिसतं. पण तो झाडोरा म्हणजेच उद्याची राई. बेहड्याचं हातभर रोप, सुरंगीचं बोटाएवढं रोप त्यातच असतं. दरवर्षी ते कापलं की वर जुनी झाडं आणि खाली उघडी माती एवढंच राहतं. मग एकेक वादळात एकेक झाड जातं आणि त्याच्या जागी यायला कुणी नसतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे किती झाडं झोपवली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पुढची पिढी खाली तयार असलेली राई अशा तडाख्यातून उठते. तळ झाडून काढलेली राई उठत नाही. मोकळ्या जागेत शोभेचा अशोक, गुलमोहर, लॉन लावलं तर ती बाग होईल. कुंपणाला कडेने फुलझाडं हवी असली तर लावा, आत नको.

काही गावांमध्ये राग वेगळाच आहे, तोही मला माहीत आहे. सातबाऱ्यावर देवरहाटी, म्हणजे देवराई, अशी नोंद आणि कब्जेदार म्हणून शासनाचं नाव. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर 'वन' या शब्दाचा अर्थ व्यापक झाला आणि अशा जमिनीवर देवळाची दुरुस्ती करायची तरी परवानग्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या राखली आम्ही आणि आता कार्यालयात हेलपाटेही आम्हीच घालायचे, हा सवाल रास्त आहे. पण या रागातून 'एकदा रान मोडलं की कटकट संपेल' अशी जी भाषा ऐकू येते, ती आपल्याच पायावर कुऱ्हाड आहे. त्याच न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ च्या निकालात राजस्थानच्या ओरणांबद्दल, म्हणजे तिथल्या देवरायांबद्दल, बोलताना साऱ्या देशातल्या देवरायांसाठी धोरण करण्याची शिफारस केंद्राला केली आणि राखण करणाऱ्या गावकऱ्यांचा हात त्यात असावा, असंही म्हटलं. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्काची वाट आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीची समिती लोकांची जैवविविधता नोंदवही करू शकते, त्यात राई झाडांसकट लिहून ठेवता येते. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याची रानजायफळांची पाणथळ राई याच कायद्याखाली जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली मुळं असलेली ती झाडं राज्यात क्वचितच कुठे आढळतात, आणि ती वाचली देवाच्या नावामुळे. गावाने आपणहून नोंद केली तर गावाचा शब्द चालतो. आपण मोडून ठेवलं तर त्या जागेबद्दल बोलायला आपल्याकडे काही उरत नाही.

जुनी व्यवस्था निर्दोष होती, असा माझा दावा नाही. कित्येक राईंमध्ये आजही बायकांना पाऊल टाकता येत नाही. पालखीला खांदा कुणाचा, नारळ पहिला कुणाचा, यावरून भाऊबंदकी कोर्टापर्यंत गेलेली आहे. आणि राई टिकली ती पुष्कळशी देवीच्या कोपाच्या भीतीने. फांदी तोडली आणि घरात आजारपण आलं, अशा गोष्टी ऐकत आमची पिढी वाढली. शिकलेल्या मुलांना आता ती भीती वाटत नाही, आणि वाटू नये. पण भीती गेल्यावर तिच्या जागी जाणतेपणा यायला हवा होता, तो आला नाही. तिथे लाकूडवाला आला. हे काम आता आपलं आहे. मुलांना राईत न्या, झाडांची नावं सांगा. मुलींनाही न्या. ज्यांना आपण राईबाहेर ठेवलं, त्या कशासाठी राई वाचवतील? पाणी तर त्याच भरतात.

मग करायचं काय? देऊळ बांधा, पण जुन्या देवळाच्या जोत्यावरच, त्याच मापाचं, फार तर पडवीने वाढवलेलं. चिरा आपल्याच जिल्ह्यातला आहे, त्याची भिंत थंड राहते. कौलांखाली लोखंडी सांगाडा घातला तर वाळवीचा आणि दरवर्षीच्या दुरुस्तीचा प्रश्न सुटतो. महाप्रसादाचा मंडप, स्वयंपाकाची जागा, शौचालय, गाड्यांचा तळ हे सगळं राईच्या हद्दीबाहेर, एखाद्या पडीक वरकस जमिनीत करा. तिथून चालत यायला पाच मिनिटं लागतील. ज्यांना चालवत नाही त्यांना खुर्चीतून न्यायला गावात अजून पोरं आहेत. गाडीरस्ता राईतून काढू नका. एकदा रस्ता आला की मागून जेसीबी येतो, आणि मग काय काय येतं ते आपण पाहिलेलं आहे. वठलेलं झाड धोक्याचं वाटलं तर त्याच्याखाली बसायची जागा बदला, झाड राहू द्या, त्याची ढोली कुणाचं तरी घर असते. दिवे सणाच्या वेळेपुरते लावा आणि झाडांवर सोडू नका. होळीचा माड, पोफळ किंवा आंबा ज्याच्या आवारातून मानाने आणता, त्याच्या आवारात त्याच पावसाळ्यात पाच रोपं लावायचा मान मंडळाने घ्यावा. राईच्या कडेला जिथे उघडं पडलं आहे तिथे राईतलंच बी रुजवावं, नर्सरीतली परदेशी झाडं आणू नयेत.

आणि गुरवमामांना एक विनंती. गाऱ्हाणं घालताना तुम्ही गावातल्या लहानथोरांना, परमुलखात गेलेल्या चाकरमान्यांना, गुराढोरांना, पिकापाण्याला सांभाळायला सांगता आणि आम्ही मागून 'व्हय म्हाराजा' म्हणतो. त्या गाऱ्हाण्यात राईचं नाव घ्या. जीर्णोद्धारासाठी कौल लावाल तेव्हा देवळाबरोबर झाडांचाही लावा, ज्या ज्या झाडावर ठेकेदाराने खूण केली आहे त्याचा वेगळा. सगळ्या गावासमोर, मुंबईकर हजर असताना लावा. देवीने उजवा कौल, म्हणजे होकार, दिला तरच पुढचं बोलणं.

समितीने वर्गणीच्या पावतीपुस्तकात 'देऊळ' आणि 'राई' असे दोन रकाने करावेत, अशी माझी सूचना आहे. दगडी गडगा, रोपं, उन्हाळ्यात वणवा शिरू नये म्हणून कडेने काढायची जाळपट्टी, राखणदाराचा पगार, एवढाच राईचा खर्च आहे आणि तो देवळाच्या रंगरंगोटीपेक्षा कमी आहे. देणगीदारांच्या पाटीवर राईला देणाऱ्यांचीही नावं कोरा. माझ्या घराची वर्गणी मी दोन्ही रकान्यांत भरेन, आणि मुंबईत असे भरणारे पुष्कळ निघतील याची मला खात्री आहे.

गणपतीला बहुतेक चाकरमानी गावी येतील. तेव्हाची बैठक आराखडा घेऊन राईतच भरवा. गावातली जाणती माणसं आणि शाळेतली पोरं बरोबर घ्या, झाड न् झाड मोजून वहीत उतरवा, नाव, घेर, ढोली आहे की नाही. ती वही ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करा आणि त्यानंतरच ठेकेदाराला कामाचा आदेश द्या. वही झाल्यावर तिची एक प्रत मुंबई मंडळाच्या खोलीवर पाठवायला विसरू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
संगमेश्वर तालुक्यातला एक चाकरमानी